हाक पोचते, ओ येत नाही

नेटवर्कच्या धंद्यात दिवसातून चारदा कानावर पडणारं वाक्य म्हणजे ‘पिंग लागत नाही’. सांगणारा एकच तक्रार सांगतो, ऐकणाराही एकच ऐकतो. पण या तीन शब्दांच्या पोटात दोन प्रवास आहेत, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. त्यांतला कोणता अडला याबद्दल ते वाक्य चकार शब्द काढत नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मी बरीच वर्षं रॅक, स्विच आणि केबलींच्या मागे फिरतो आहे. जे काही कळलं, ते बरंचसं या येण्याच्या प्रवासाबद्दलच कळलं.

पिंग हा प्रोग्राम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडीवाले पाण्यात आवाज सोडतात, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो. त्या आवाजावरून हे नाव पडलं. मला ही उपमा थोडी फसवी वाटते. आवाज खडकावर आपटतो तेव्हा खडकाला काहीच करावं लागत नाही. माळशेजच्या पायथ्याशी उभं राहून ‘कू’ केलं तर कडा ते आपोआप परत करतो. पण पलीकडच्या उतारावर गुरं राखणाऱ्याला हाक मारली, तर त्याने ती ऐकायची, कोण बोलावतंय ते ओळखायचं, त्या बाजूला तोंड फिरवायचं आणि मग ओ द्यायची. पिंग ही दुसऱ्या प्रकारची गोष्ट आहे. मराठीत हाक मारतात आणि ओ देतात. क्रियापदं दोन, माणसंही दोन. ओ म्हणजे हाकेचा पडसाद नव्हे, ते नवं पत्र आहे. पाठवणारा वेगळा, पत्ता वेगळा आणि वाट शोधण्याची जबाबदारीही दुसऱ्याची.

हे तत्त्व म्हणून पटायला अर्धं मिनिट पुरतं. अंगात भिनायला मला मुरबाडची एक खेप घालावी लागली.

एका संस्थेच्या दोन शाखा, एक शहापुरात, एक मुरबाडात. दोन्हीकडे एकेक राउटर, एकेक चोवीस पोर्टांचा स्विच आणि मध्ये भाड्याची लाइन. शहापूरचे सगळे पत्ते १९२.१६८.१० ने सुरू होणारे, मुरबाडचे १९२.१६८.२० ने. मुरबाडच्या स्विचचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.२०.५ आणि तिथल्या राउटरचा १९२.१६८.२०.१. शहापुरात आम्ही सगळ्या उपकरणांवर नजर ठेवणारा एक सर्व्हर नवीन बसवला. पहिल्याच दिवशी पडद्यावर सगळे ठिपके हिरवे आणि मुरबाडचा स्विच तांबडा. फोन लावला. तिकडून उत्तर आलं, “इथं सगळं चालू आहे साहेब, काउंटरला गर्दी आहे, पासबुकं छापतायत.” म्हणजे ज्या स्विचमधून पासबुकांची आकडेमोड शहापूरला येत होती, तोच स्विच आमच्या हाकेला ओ देत नव्हता.

नवख्याला हे अशक्य वाटतं. स्विच बंद असेल तर त्यातून काही जाणार नाही, आणि त्यातून सगळं जात असेल तर तो बंद कसा? हा गोंधळ सुटायचा असेल तर स्विच मुळात कशासाठी असतो ते बघावं लागतं.

पहिला इथरनेट स्विच १९९० मध्ये बाजारात आला, सात पोर्टांचा. तो काढणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचं नाव चक्क ‘कल्पना’ होतं. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक, आणि १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. या यंत्राचं काम साधं होतं आणि आजही तेच आहे. कुठल्या पोर्टातून कोणता संगणक बोलला ते लक्षात ठेवायचं, आणि त्या संगणकासाठी काही आलं की त्याच पोर्टातून बाहेर ढकलायचं. यासाठी स्विचला आयपी पत्ता लागत नाही. तो आयपीकडे बघतही नाही. प्रत्येक नेटवर्क कार्डावर कारखान्यातून कोरून आलेला जो मॅक क्रमांक असतो, तेवढाच त्याला पुरतो. एखाद्या पोर्टावरून काही काळ कुणी बोललं नाही, सिस्कोच्या स्विचवर साधारणपणे ३०० सेकंद, की तो ती नोंद पुसून टाकतो. पुन्हा कुणी बोललं की पुन्हा लिहितो. म्हणजे दुसऱ्यांच्या परतीच्या वाटा तो नुसत्या बघून शिकतो. कुणी शिकवावं लागत नाही.

स्विचला आपण जो आयपी पत्ता देतो तो आपल्या सोयीसाठी. लांबून त्याच्यात शिरता यावं, कुठलं पोर्ट बंद पडलं ते बघता यावं, एवढ्याचसाठी. या पत्त्यापुरता स्विच हा पोस्टमन राहत नाही, गल्लीतलं एक घर होतो. इतर कुठल्याही संगणकासारखं घर. आणि घरातून परगावी पत्र टाकायचं तर पोस्टाची पेटी कुठे आहे ते माहीत असावं लागतं. दुसऱ्यांची पत्रं तो बिनचूक वाटतो, पण स्वतःच्या पत्राची वाट त्याला कुणीतरी लिहून द्यावी लागते. लिहून दिली नाही तर तो दुसऱ्यांची पत्रं वाटतच राहतो आणि स्वतः मुका होतो.

हे सांगताना शहापूरच्या माणसाला धरणं आठवणारच. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय, पुढे भातसा झालं, आणि मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा आज एकट्या भातशाचा आहे. नळ तालुक्यातूनच जातात आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. उपमा हाताशी आहे आणि मी ती चारचौघांत वापरलीही आहे. पण ती ताणू नये. स्विच मुका होतो तो कुणीतरी एक ओळ लिहायची विसरल्यामुळे. पाड्यांना पाणी मिळत नाही ते विसरल्यामुळे नाही.

तर मुरबाडच्या स्विचपर्यंत आमची हाक पोचत होती का? मी धरून चाललो की नाही. ही माझी पहिली चूक. ओ आली नाही की माणूस हाकेवर संशय घेतो, कारण हाक त्याची स्वतःची असते. मी लाइनवाल्यांना फोन केला. त्यांनी तपासून सांगितलं की लाइन ठीक आहे. काउंटर चालू होता म्हणजे लाइन ठीक असणारच, हे मला त्यांच्या आधी सुचायला हवं होतं.

पिंग लागत नाही तेव्हा पडदा काय म्हणतो तेही नीट वाचावं लागतं. विंडोजवर दोन वाक्यं नेहमी दिसतात. एक ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आणि दुसरं ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. बहुतेक जण दोन्हींचा अर्थ ‘बंद आहे’ असाच घेतात. पण पहिल्यात कुणीतरी बोललेलं असतं. एखादा राउटर किंवा तुमचाच संगणक सांगत असतो की पुढे नेता येत नाही. ते वाक्य कुठल्या पत्त्यावरून आलं हेही त्याच ओळीत लिहिलेलं असतं. म्हणजे वाट नेमकी कुठे तुटली त्याचा पत्ताच मिळाला. दुसरं वाक्य म्हणजे शांतता. शांततेचे अर्थ अनेक. हाक वाटेत हरवली असेल, पोचून गिळली गेली असेल, किंवा ओ दिली गेली आणि ती भलतीकडे गेली असेल. शहापूरच्या पडद्यावर मला शांतता दिसत होती.

वाट शोधायला आणखी एक हत्यार आहे, ट्रेसराउट. व्हॅन जेकबसन यांनी ते १९८७ मध्ये केलं. वाटेतला एकेक राउटर ते ओळीने दाखवतं. मी ते चालवलं, मुरबाडच्या राउटरपर्यंत सगळे टप्पे दिसले, आणि मग उत्तराच्या जागी नुसत्या चांदण्या. इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण ती भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही. ट्रेसराउट जाण्याची वाट दाखवतं. येण्याची वाट ते दाखवू शकत नाही. ती बघायची तर दुसऱ्या टोकाला बसून उलटं ट्रेसराउट चालवावं लागतं. परतीचा नकाशा फक्त पलीकडच्याकडे असतो.

आणि जाण्या-येण्याची वाट एकच असेल हे कुठेही लिहिलेलं नाही. मुरबाडला रेल्वे नाही. शहापूरहून जायचं तर एसटीने किन्हवली, सरळगाव करत जाता येतं, किंवा आसनगावला लोकल धरून कल्याण आणि तिथून मुरबाडची एसटी. सकाळी एका वाटेने गेलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या वाटेने येतो आणि घरच्यांना त्याचं काही वाटत नाही. पॅकेटांचंही तसंच. मुख्य लाइनीच्या जोडीला मोबाइल सिमवर चालणारी दुसरी लाइन ठेवली, आणि दोन टोकांच्या राउटरांची पसंती वेगळी पडली, की हाक फायबरच्या काचेतून जाते आणि ओ हवेतून येते. नुसत्या राउटरांना याचं सोयरसुतक नसतं. फायरवॉलला असतं.

जुन्नरकडून कल्याण बंदराकडे उतरणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून वाहता होता. माथ्यावर एक दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं सांगतात. समजा तिथला कारकून उतरणाऱ्या प्रत्येक तांड्याची वहीत नोंद करतो, आणि चढून येणाऱ्याला नोंद बघूनच सोडतो. एखादा तांडा थळघाटाने उतरला आणि नाणेघाटाने चढून आला. माल खरा, बैल खरे, माणसंही खरी, पण वहीत नाव नाही. कारकून अडवणारच, आणि त्याचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही. फायरवॉल हा असा कारकून आहे. ज्याची हाक इथून गेली त्याचीच ओ इथून आत येईल. शिवाय हा कारकून अडवताना बोलत नाही. त्यामुळे इकडे पुन्हा शांतता.

आमच्याकडे दुसरी लाइन नव्हती, त्यामुळे हा संशय लगेच फिटला. मग राहिली काच. ज्या जोडणीत फायबरच्या दोन काचा असतात, तिथे एकीतून जाणं आणि दुसरीतून येणं. एकच तुटली तर एका बाजूला सगळं ऐकू येतं आणि दुसरी बहिरी होते. ग्रामपंचायतींत भारतनेटची जी जीपॉन पद्धतीची जोडणी गेली तिच्यात काच एकच असते. पण तालुक्याकडून गावाकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि गावाकडून जाणारा १३१० चा. केसाएवढ्या काचेतसुद्धा जाणं वेगळं आणि येणं वेगळं. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि २०१५ पासून भारतनेट म्हणवणाऱ्या या योजनेचा सुधारित आराखडा ऑगस्ट २०२३ मध्ये आला. त्यात गावांना फांदीसारखं न जोडता कड्यात गुंफायचं ठरलं. फांदीवर जेसीबीचा एक घाव बसला की पुढचं सगळं गाव गप्प होतं, कड्यात निदान उलट्या बाजूने ओ देता येते. आमच्या लाइनीत मात्र काउंटरचं जाणं-येणं दोन्ही सुरळीत होतं, म्हणजे काचही निर्दोष.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉप आणि निळी कन्सोल केबल पिशवीत टाकून मी किन्हवलीमार्गे मुरबाडला गेलो. जाण्याची गरज नव्हती, हे मला सरळगाव ओलांडल्यावर सुचलं. शहापुरातून काउंटरवरच्या एखाद्या संगणकात शिरता येत होतं, आणि त्या संगणकावरून स्विचला हाक मारली असती तर ती शेजारच्या घराची हाक झाली असती. शेजाऱ्याला ओ द्यायला पोस्टाची पेटी लागत नाही. तोंड बाहेर काढलं की झालं. पण एसटीतून उतरून परत जाण्यात अर्थ नव्हता.

शाखेत लॅपटॉप स्विचला जोडला, पिंग केलं, पहिल्या क्षणी ओ आली. शाखेतला मुलगा म्हणाला, “बघा, मी म्हटलं होतं ना.” त्याचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. जवळच्याला ओ देतो आणि लांबच्याला नाही, हे लक्षण दिसलं की स्विचच्या घरातले दोनच कागद तपासायचे, मास्क आणि गेटवे, म्हणजे ती पोस्टाची पेटी.

मास्कची चूक जास्त खट्याळ असते. मास्क म्हणजे ‘माझी वाडी कुठवर’ याची स्विचने मनात धरलेली हद्द. २५५.२५५.२५५.० लिहिलं तर त्याच्या लेखी १९२.१६८.२० एवढीच वाडी. चुकून २५५.२५५.०.० लिहिलं तर १९२.१६८ ने सुरू होणारं सगळं जगच त्याची वाडी होतं, शहापूरसुद्धा. मग शहापूरच्या सर्व्हरला ओ देताना तो गेटवेकडे जातच नाही. दारात उभा राहून ओरडतो, ‘अमुक पत्त्याचा कोण आहे रे इथे?’ शहापूरचा सर्व्हर वीस-पंचवीस किलोमीटर लांब, त्याला कुठून ऐकू येणार? एखाद्या कनवाळू राउटरने ‘मी पोचवतो’ म्हणून मध्ये तोंड घातलं तर काम चालूनही जातं, आणि मग ती चूक वर्षानुवर्षं झाकलेली राहते, राउटर बदलेपर्यंत. आमच्या स्विचचा मास्क बरोबर होता.

गेटवेची ओळही होती. ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे १९२.१६८.२०.१’. एकेक आकडा बरोबर. त्या ओळीकडे बघत मी किती वेळ बसलो ते सांगत नाही. लिहिलेलं आहे, बरोबर आहे, आणि स्विच ते पाळत नाही. शेवटी नाइलाज म्हणून ‘शो आयपी राउट’ दिलं, म्हणजे बाबा, तुला स्वतःला कुठल्या वाटा माहीत आहेत ते तूच सांग. पडद्यावर आलं, ‘गेटवे ऑफ लास्ट रिसॉर्ट इज नॉट सेट’.

लिहिलेलं असणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं. गोम अशी होती की काही आठवड्यांपूर्वी कुणीतरी काहीतरी करून बघण्यासाठी त्या स्विचवर ‘आयपी राउटिंग’ चालू केलं होतं. सिस्कोच्या स्विचवर ती ओळ नसते तेव्हा तो स्वतःला साधं घर समजतो आणि डिफॉल्ट-गेटवेची ओळ मानतो. ती ओळ आली की तो स्वतःला राउटर समजू लागतो. राउटर दुसऱ्याच्या गेटवेवर विसंबत नाही, तो स्वतःचं वाटांचं कोष्टक बघतो. जुनी ओळ पुसली जात नाही, फक्त तिला कुणी विचारत नाही. आणि नव्या कोष्टकात वाटा लिहायच्या राहून गेल्या होत्या. ज्याने हे केलं तो मुरबाडातच बसला होता, त्याला ओ येत होती, म्हणून त्याला काही बिघडल्याचं कळलं नाही. त्यानंतर आमचा सर्व्हर बसेपर्यंत लांबून कुणी त्या स्विचची विचारपूसही केली नव्हती. शहापूरची प्रत्येक हाक त्याला पोचत होती. तो ओ द्यायला तोंड उघडत होता, कोष्टक बघत होता, आणि तिथल्या तिथे ओ टाकून देत होता.

इलाज दोन. राउटिंग बंद करायचं, म्हणजे जुनी ओळ आपोआप जिवंत होते, किंवा राउटिंग ठेवून ‘आयपी राउट’ने सर्व दिशांसाठी एक वाट लिहायची. त्या स्विचला राउटिंगचं काहीच काम नव्हतं, म्हणून मी ते बंद केलं. नको असलेली हुशारी यंत्रात ठेवू नये, या मताचा मी आहे.

हे काम कन्सोल केबलने केलं, ९६०० बॉडच्या संथ गतीने, कारण ती केबल कुठल्याही वाटेवर अवलंबून नसते. लांबून शिरून वाटांत हात घालायचा असेल तर आधी ‘रिलोड इन १०’ देऊन ठेवतात. चुकून स्वतःचीच परतीची वाट कापली, तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप उठतो आणि जुन्या नोंदींवर येतो. काम नीट झालं तर तो हुकूम रद्द करायचा. मोठमोठ्यांनाही ही भीती असते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकमध्ये नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका हुकमाने त्यांचं अंतर्गत जाळं तुटलं, आणि ते कुठे सापडतील हे जगाला सांगणाऱ्या वाटाही मागे घेतल्या गेल्या. दुरुस्तीसाठी लांबून शिरायची वाट होती, आणीबाणीसाठी ठेवलेली वेगळी वाटही होती, त्या दिवशी दोन्ही बंद. माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवावं लागलं. फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास गप्प होते. त्यांचे इंजिनिअर निघाले आणि मी पिशवीत केबल टाकून निघालो, यात अंतराचाच काय तो फरक.

निघण्यापूर्वी ‘राइट मेमरी’ दिलं. न दिल्यास वीज गेली की स्विच सगळं विसरतो आणि पुन्हा स्वतःला राउटर समजायला लागतो. रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. त्यावर स्विचचा पत्ता, मास्क, गेटवे, आणि ‘राउटिंग चालू करू नये’. शहापुरात सर्व्हरसमोर बसलेल्या मुलाला मेसेज टाकला, ‘बघ रे’. एसटीत मधल्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नव्हती. शहापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा त्याचं उत्तर येऊन पडलं होतं, ‘हिरवा झाला’.